एथिक्स कमिटीची मंजुरी : माझा अनुभव

मुखकर्करोगात तंबाखूचा वाटा किती आणि आनुवंशिकतेचा किती, याचा मी रुग्ण व निरोगी व्यक्तींची तुलना करून अभ्यास करते. तंबाखूतील काही घातक रसायने निष्प्रभ करणारे विकर (एन्झाइम) ज्यामुळे तयार होते, ते जीएसटीएम1 हे जनुक अनेकांमध्ये मुळातच नसते. अशी स्त्री वर्षानुवर्षे मिश्री लावत असेल तर तिचा धोका कितपत वाढतो, हा माझा प्रश्न आहे. त्यासाठी रक्ताचे नमुने हवेत आणि नमुन्यांआधी एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनात सहभागी होणाऱ्यांचे हित जपले जाते ना हे तपासणाऱ्या समितीची, मंजुरी हवी.

बाकी सारे सुरळीत पार पडले. घोडे अडले ते कमिटीच्या कचेरीत. पहिली बैठक गणपूर्तीअभावी रद्द झाली. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार किमान 5 सदस्य हजर लागतात आणि त्यांत संस्थेबाहेरची व्यक्तीही असावी लागते. नियम रास्तच आहे. पण बाहेरचे सदस्य येणार नाहीत हे आदल्या दिवशीच ठाऊक असूनही आम्हाला दाराबाहेर बसवून ठेवले, याचा राग अजून गेलेला नाही. नंतर फाइल परत आली, कारण संमतिपत्राचा आवृत्ती क्रमांक आणि तारीख प्रत्येक पानाच्या तळाशी हवी होती. तसे करून दिल्यावर ती पुन्हा परतली, कारण विभागप्रमुखांची सही आता जुन्या आवृत्तीवरची ठरली होती. दोन्ही गोष्टी एकाच पत्रात का कळवल्या नाहीत, असे विचारले तेव्हा "मॅडम, ते त्या टेबलचं काम, हे या टेबलचं," एवढेच उत्तर मिळाले. म्हणून सांगते, सह्या सर्वांत शेवटी घ्याव्यात.

गंमत म्हणजे मिश्री दिवसातून किती वेळा लावता, तोंडात किती वेळ ठेवता, अशा प्रश्नांनी भरलेली प्रश्नावली, जिच्यावर सारा अभ्यास उभा आहे, तिच्याविषयी कोणी चकार शब्द काढला नाही. कमिटीची एक सूचना मात्र मोलाची होती. उणे 80 अंशांवर जपलेल्या उरलेल्या रक्तासाठी एकच सही पुरेशी न मानता हा अभ्यास, कर्करोगावरचे पुढील संशोधन आणि पुन्हा संपर्क, अशा तीन स्वतंत्र संमती घ्याव्यात, असे तिने सुचवले. पहिलीवर सही करून दुसरीला स्पष्ट नकार देणाऱ्या बायका भेटू लागल्या, तेव्हा त्या सूचनेचे महत्त्व ध्यानात आले.

लिहिता-वाचता न येणाऱ्या व्यक्तीचा संमतिपत्रावर अंगठा घेताना निःपक्ष साक्षीदार लागतो आणि तो संशोधन चमूतला चालत नाही, तेव्हा त्याची सोय आधीच करावी. मंजुरीपत्र हाती पडताच त्यावर संदर्भ क्रमांक आहे ना, हे कचेरीतच पाहून घ्यावे. शोधनिबंध पाठवताना नियतकालिके हा क्रमांक मागतात.