बेस शून्यावर ठेवला की बरा वाजतो

गणपतीच्या आधीचे दोन आठवडे माझ्या ॲम्प दुरुस्तीच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते, मंडळांचे पॉवर ॲम्प, स्पीकरचे जळालेले ड्रायव्हर, पावसात भिजलेले मिक्सर, सगळा हजार-दोन हजार वॅटचा माल. त्या ढिगाऱ्यात गेल्या वर्षी एक पोरगा चादरीत काहीतरी गुंडाळून तान्ह्या बाळासारखं घेऊन आला. काका, गिटारचा ॲम्प आहे. किती वॅट रे? पाच. आमचा पोऱ्या फिस्सकन हसलाच.

मी नाही हसलो. आवाज कानाला दुप्पट वाटायचा तर वॅट साधारण दहापट लागतात, म्हणजे हा पाच वॅटवाला पन्नासवाल्याच्या निम्मा वाजतो, दहावा हिस्सा नाही. टू बीएचकेत फुल करून बघा, खालचे आजोबा वर आलेच. आणि फुल केल्याशिवाय मजाही नाही, व्हॉल्व्ह, म्हणजे सिग्नल वाढवणारी काचेची नळी (ही पोरं ट्यूब म्हणतात), शेवटाला गेला की जो फाटका आवाज येतो त्यासाठीच लोक असले छोटे ॲम्प घेतात, मोठ्यात तो घरात काढताच येत नाही.

परदेशातल्या एका छोट्या बिल्डरनं हातानं वायरिंग केलेला पीस, भावानं अमेरिकेतून आणलेला, १२० व्होल्टचा म्हणून सोबत विटेएवढा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर. मागून डोकावलो तर तीन व्हॉल्व्ह, एक १२एएक्स७, एक ६व्ही६, एक ५वाय३ रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा), पुढे व्हॉल्यूम, ट्रेबल, बेस असे तीन नॉब. म्हणजे फेंडर कंपनीच्या चॅम्प नावाच्या छोट्या ॲम्पचं १९६४ चं सर्किट, जवळजवळ जसंच्या तसं. त्याआधीच्या चॅम्पला टोन कंट्रोल नव्हताच, नुसता व्हॉल्यूम.

तक्रार काय तर नॉब फिरवले की खरखर, आणि व्हॉल्यूम पाचच्या पुढे गेला की घशात घास अडकल्यासारखा आवाज. आधी एका मेकॅनिकने कॉन्टॅक्ट क्लीनर मारून दिलं, दुसऱ्याने बेसचा पॉट (नॉबमागचा कमीजास्त होणारा रेझिस्टर) बदलला, फरक शून्य. मग पोरगा जाता जाता म्हणाला, "पण काका, बेस शून्यावर ठेवला ना की एकदम मस्त वाजतो, मी आठ महिने तसाच वाजवतोय, ते त्याचं कॅरॅक्टर आहे."

कॅरॅक्टर म्हणे. मी त्याला बसवलं आणि चहा सांगितला, कारण रोग त्यानेच सांगून टाकला होता.

बघा, एक पॉट खरखरला तर घाण. तिन्ही खरखरतात, त्यात नवा कोरासुद्धा, म्हणजे पॉटवर कुठून तरी डीसी (एकाच दिशेचा करंट, गाण्याचा सिग्नल नव्हे) येतोय. या सर्किटमध्ये पहिल्या व्हॉल्व्हच्या प्लेटवर, म्हणजे सिग्नल बाहेर पडतो त्या टोकावर, दीडशेच्या वर व्होल्ट असतात, आणि टोनचे पॉट त्यापासून वेगळे ठेवायला फक्त तीन कपॅसिटर, ट्रेबलचा २५० पिकोफॅरडचा, बेसचा ०.१ मायक्रोफॅरडचा आणि तिसरा ०.०४७ चा. त्यांनी गाणं पुढे सोडायचं आणि डीसी अडवायचा, एवढंच काम. बेसचा गळायला लागला तर डीसी बेसच्या पॉटवर, तिथून ट्रेबल, ट्रेबलमधून व्हॉल्यूम, आणि तिथून त्याच १२एएक्स७ च्या दुसऱ्या अर्ध्या भागाच्या ग्रिडवर, म्हणजे सिग्नल आत शिरतो त्या टोकावर, मग तो घुसमटणारच. आणि बेस शून्यावर नेला की २५० के (किलोओहम) चा अख्खा पॉट शॉर्ट, ग्राउंडकडे जाताना मध्ये फक्त १५ केचा रेझिस्टर उरतो, गळकं पाणी मोरीत जावं तसा डीसी तिकडून निघून जातो. म्हणून "मस्त".

बेसच्या पॉटवर मीटर लावला. बेस दहावर, २.४ व्होल्ट. बेस शून्यावर, ०.२ सुद्धा नाही. पोरगा मीटरकडे बघत राहिला, त्याने स्वतः दोनदा नॉब फिरवून आकडा वरखाली केला.

मग ॲम्प बंद करून, फिल्टर कपॅसिटर डिस्चार्ज करून (तिथे साडेतीनशेच्या आसपास व्होल्ट बसलेले असतात, एक हात खिशात घालायची सवय मला एका झटक्याने लागली, ती गोष्ट परत कधीतरी) बेसच्या कपॅसिटरचा पॉटकडचा पाय सोडवला आणि चालू केला. चांगल्या कपॅसिटरच्या मोकळ्या पायावर मीटर एकदा उडी मारून शून्याकडे येतो. हा ६५ व्होल्टच्या आसपास जाऊन ठाण मांडून बसला.

आता गंमत म्हणजे अख्ख्या बोर्डावर तोच एक पार्ट असा होता की ज्याचं त्या पोराला सगळ्यात जास्त कौतुक. जुना पेपर-इन-ऑइल, म्हणजे तेलातल्या कागदाचा कपॅसिटर, जाडजूड, बिल्डरने मुद्दाम कुठून तरी जुन्या स्टॉकमधून शोधून लावलेला, आणि त्यासाठी वेगळे पैसे घेतलेले. अहो, कागद म्हातारा होतो, सील गेलं की ओल धरतो, नुसतं कपाटात पडून राहिला तरी. वरून नव्यासारखा चकचकीत, आतून चाळण.

पोऱ्याला तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात पिटाळलं, ०.१ चा ६३० व्होल्टचा साधा फिल्म कपॅसिटर आणला, वडापावच्या भावात. सोल्डरचे दोन डाग दिले, झालं. खरखर गायब, व्हॉल्यूम दहापर्यंत नेला तरी घुसमट नाही.

पोराने गिटार लावली, सवयीने बेस शून्यावर नेला, दोन मिनिटं वाजवलं आणि तोंड पाडून म्हणाला, "काका, जादू गेली." मला हसावं की रडावं कळेना. बेस शून्यावर असताना डीसी आधीही नव्हता नि आत्ताही नाही, तिथे आवाज तोच. पण डोळ्यांनी त्याने कपॅसिटर निघताना पाहिला होता ना.

मी काही बोललो नाही, फक्त बेस चारवर नेला. जाड तार वाजली आणि शेल्फवरचे स्क्रूचे डबे थरथरले. पोऱ्या मागे वळून बघायला लागला. तो पोरगा नुसता एकच कॉर्ड परत परत वाजवत बसला, मग विचारलं, फ्लॅट, म्हणजे सगळे सूर सारखे, कुठे येतो? मी म्हणलं येत नाही, हे नॉब वाढवत काहीच नाहीत, फक्त खातात, सगळे मधोमध ठेवलेस तरी मधला सूर खाल्लेलाच असतो. कान लाव आणि ठेव.

पैसे देताना जरा घुटमळला. "काका, तो जुना... नुसता दिसायला राहू दे ना आत." मग काय, एक पाय कापून तो परत बोर्डावर बसवला, नवा त्याच्या खाली लपवला. मागे मंडळाची पोरं अठरा इंची स्पीकर घेऊन दारात ताटकळत उभी होती, त्यांना वाटलं असेल काका केवढं बारीक ऑपरेशन करतायत.