आमची वाटचाल : लाकडाला रोज काय लागतं?

आमचा लाकडाच्या पॉलिशचा गाळा ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये आहे, आतल्या बाजूला, पण सुरुवात गाळ्यात नाही झाली, सायकलवर झाली. अण्णा म्हणजे माझे वडील नौपाडा, चरई भागात घरोघरी जाऊन पॉलिश करायचे. पिशवीत पॉलिश पेपर, मलमलची फडकी, कापूस आणि एक काचेची बरणी. बरणी काचेचीच का, तर चपडा, म्हणजे पॉलिशची लाख, लोखंडी डब्यात ठेवला की काळपट होतो आणि मग सागाचा तो सोनेरी रंग येतच नाही. रात्री चपडा स्पिरिटमध्ये भिजत घालायचा, लिटरला साधारण १४० ग्रॅम, आणि सकाळी कपड्यातून गाळून घ्यायचा. दहावीच्या सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जायला लागलो तर पहिली दोन वर्षं मला फक्त घासायलाच दिलं, आधी १२० नंबर, मग १८०, मग २२०, आणि ते पण लाकडाच्या रेषेतच, आडवं नाही. आडवं घासलेलं कोरड्या लाकडावर दिसत नाही हो, पण स्टेनचा हात मारला की रंग त्या ओरखड्यात जाऊन बसतो आणि सगळं वर येतं.

पुढे घोडबंदर रोडला टॉवर उभे राहिले, मोठमोठी कामं यायला लागली, अण्णांचे गुडघे दुखायला लागले, मग मी आणि धाकट्या भावाने गाळा भाड्याने घेतला, कॉम्प्रेसर घेतला, स्प्रे गन घेतली. आणि पहिल्याच वर्षी मोठा फटका बसला. एका घरात व्हिनियरचं, म्हणजे प्लायवर खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेलं, वॉर्डरोब होतं, त्यांना फोटोतल्यासारखा गडद अक्रोड रंग हवा होता, आम्ही थेट दारांवरच स्टेन लावला, वर सीलर, म्हणजे लाकडाची छिद्रं बंद करणारा थर, मारला आणि रंग अजूनच गडद झाला. म्हणलं घासून काढू. आता व्हिनियर असतं जेमतेम अर्धा मिलिमीटर, त्यात कडेला दोन हात जास्त पडले आणि खालचा प्लाय दिसायला लागला. दोन दारं नवीन करून दिली, आमच्या खर्चाने. तेव्हापासून नियम केलाय, त्याच लाकडाचा उरलेला तुकडा मागून घ्यायचा, त्यावर स्टेन, सीलर, वरचा कोट असं सगळं शेवटपर्यंत करायचं आणि तो तुकडा त्यांच्याच घरात दिवसा खिडकीजवळ आणि रात्री लाइट लावून बघायचा. एवढं झाल्याशिवाय आम्ही कामाला हात लावत नाही, गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी.

बरेच लोक स्टेन आणि पॉलिश एकच समजतात. स्टेन फक्त रंग देतो, लाकडाचं रक्षण वरचा थर करतो. म्हणून रंग कुठला हे आम्ही नंतर विचारतो, पहिला प्रश्न एकच, या लाकडाला रोज काय लागतं? पाणी, गरम भांडं, तेल, ऊन, की नुसता माणसाचा हात? डायनिंग टेबल असेल तर पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा कडक थर, कारण चपड्यावर गरम पातेलं ठेवलं की पांढरा गोल उमटलाच म्हणून समजा. देव्हारा असेल तर समईचं तेल, कुंकू, वर काजळी, तिथे पण आम्ही पीयूच सांगतो, पुसून काढता येतं. खिडकीत ऊन येत असेल आणि लाकूड फिकट रंगाचं असेल तर न पिवळणारा पीयू मागून घ्या, साधा कालांतराने पिवळा पडतो. पण सगळीकडे पीयू पण नको, आणि हे मला एका झोपाळ्याने शिकवलं.

नौपाड्यातलं जुनं घर, पितळी कड्यांचा सागवानी झोपाळा, घरातल्या मुलांचं म्हणणं की सगळं घासून चकाचक पीयू करा. आजी काही बोलत नव्हत्या, नुसत्या फळीवरून हात फिरवत होत्या. अण्णा त्या दिवशी माझ्याबरोबर होते. त्यांनी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवला, फळीच्या खालच्या बाजूला जरा वेळ टेकवला, उचलला तर चिकटला. म्हणजे चपडा. स्पिरिटने काही झालं नाही तर थिनरने बघायचं, त्याने मऊ पडलं तर लॅकर, म्हणजे थिनरमध्ये विरघळणारं पॉलिश, दोन्हीने काही झालं नाही तर बहुतेक पीयू. तर अण्णा म्हणाले, घासायचं नाही. आम्ही ओल्या पिळलेल्या फडक्याने आधी मळ काढला, पाणी काळंकुट्ट निघालं, आणि मग वरून बोळ्याने पातळ पॉलिशचे हात दिले, एक हात वाळला की दुसरा. नवीन चपडा जुन्या चपड्याला विरघळवून त्याच्यात मिसळून जातो, म्हणून हे जमतं. पीयूत असं होत नाही, ओरखडा पडला की बऱ्याचदा अख्खा भाग घासून परत मारावा लागतो. संध्याकाळी आजी बसल्या आणि म्हणाल्या, "अरे, हा तर आमचाच आहे." मला आजपर्यंत मिळालेली सगळ्यात मोठी पावती आहे ती.

२०२० मध्ये लॉकडाउन उठल्यावर फोनच फोन, मेन डोअर चिकट झालंय, शू रॅकवर पांढरे डाग पडलेत. कारण सॅनिटायझर. त्यात अल्कोहोल, आणि चपडा विरघळतो तो पण अल्कोहोलमध्येच, रोज दहा वेळा हँडलपाशी फवारलं तर दुसरं काय होणार. त्या घरांत आम्ही हँडलच्या आजूबाजूला पीयू करून दिला आणि बाकीचं दार तसंच राहू दिलं.

पावसाळ्याचं मात्र मी हात जोडून सांगतो. एकदा जुलैत गृहप्रवेशाचा मुहूर्त होता, बाहेर धो धो पाऊस, आम्ही एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर मारला आणि डोळ्यांसमोर सगळं दुधासारखं पांढरं पडत गेलं. थिनर पटकन उडतो, उडताना लाकूड गार करतो, मग हवेतला ओलावा त्या थरावर बसतो आणि आतच अडकतो. पीयू कडक व्हावा म्हणून त्यात मिसळतात तो हार्डनर पण ओलाव्याशी रिअॅक्शन करतो, मग फोड येतात. आमच्याकडे तर बाजूलाच खाडी. आता गणपतीच्या आधीची घाई आली तरी आम्ही घरच्या जागेवरचं स्प्रे काम घेत नाही, सुटं फर्निचर असेल तर गाळ्यावर आणा, नाहीतर दसऱ्यानंतर.

आणि दार करून घ्याल तेव्हा वरची आणि खालची कड पण करून घ्या. खूप जण सोडून देतात कारण दिसत नाही, पण पावसाळ्यात दार फुगून घासतं ते तिथूनच पाणी पिऊन. बाकी रोजची काळजी म्हणाल तर पिळलेलं मऊ फडकं आणि लगेच कोरडं पुसणं, बस्स. काचेचा क्लीनर लाकडावर नको. जवसाचं तेल लावत असाल तर वापरलेली फडकी चुरगळून डब्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात, आमच्या गाळ्यात एकदा धूर निघाला होता, भाऊ उशिरापर्यंत थांबला होता म्हणून वाचलो. पाण्यात बुडवा किंवा मोकळ्या हवेत सुटी पसरून वाळवा.

आता आम्ही सहा जण आहोत, बरीचशी कामं पीयूची, पण चपड्याची बरणी अजून अण्णाच लावतात. बरणीवर तारीख लिहितात, कारण स्पिरिटमध्ये भिजलेला चपडा फार जुना झाला की नीट कडक होत नाही. कामाला निघायच्या आदल्या दिवशी काचेच्या तुकड्यावर एक थेंब पसरतात, रात्रभर ठेवतात, आणि सकाळी नख लावून बघतात. खूण उमटली तर बरणी बाजूला.