पुरू आणि 'बस'

आमच्या घरात 'बस' हा शब्द दिवसातून पंधरा-वीस वेळा सहज उच्चारला जायचा आणि तेवढ्या वेळा पुरू बसायचा. आई भात वाढायला लागली की आजी म्हणायची, "बस, बस." टेबलाखाली पुरूचं बूड टेकलेलं असायचं. बाबा पाहुण्यांना "बसा ना" म्हणाले, की पाहुण्यांआधी हाच बसायचा. आदरार्थी अनेकवचन आपल्यासाठी नसतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

२६ जुलै २००५च्या पावसानंतर दोन दिवसांनी तो ठाण्यात, चरईतल्या आमच्या जिन्याखाली सापडला. चिखलाने माखलेलं गावठी कुत्र्याचं पिल्लू. पुरात आला म्हणून पुरू. (आजी मात्र सगळ्यांना सांगायची, सिकंदराशी लढलेल्या राजाचं नाव आहे.)

एका संध्याकाळी तलावपाळीला त्याने पट्ट्यातून मान सोडवून घेतली आणि भेळेच्या गाड्यांमधून पसार झाला. मी काठाकाठाने "पुरू, ये! ये! ये!" करत धावतोय आणि अख्खं ठाणं बघतंय. पाव तासाने स्वारी आपणहून आली, शेपूट हलवत. मी पाठीत एक धपाटा घातला.

त्यानंतर 'ये' म्हटलं की तो यायचा, पण दोन हातांवर थांबायचा. माझा हात बरोबर पोहोचणार नाही, इतकं अंतर राखून. माझ्या मते मार पळाल्याबद्दल होता. त्याच्या लेखी तो आल्याबद्दल पडला होता. कुत्रं मार काय किंवा खाऊ काय, या क्षणी जे करत असेल त्यालाच जोडतं. पाव तासापूर्वीचा गुन्हा फक्त आपल्या डोक्यात असतो.

एका ट्रेनरला बोलावलं. त्याने गळ्यातल्या साखळीला असा हिसका दिला, की पुरू केकाटला. आजीने त्या गृहस्थाला चहाही न विचारता वाटेला लावलं. मग मीच खटपट सुरू केली. 'ये' हा शब्द तर नासलाच होता, म्हणून नवा घेतला: 'हजर'. खिशात सुक्या बोंबलाचे तुकडे. (माझ्या शर्टांबद्दल आईचं मत इथे देत नाही.) आधी खोलीत, मग जिन्यात, मग लांब दोरी बांधून गच्चीवर. पोहोचला रे पोहोचला, की लगेच तुकडा तोंडात. तलावपाळीला तो धावत येऊन थेट माझ्या गुडघ्यांवर आदळला, त्याला चार महिने लागले. तिथून जो नाद लागला तो लागलाच.

आता रविवारी सकाळी उपवन तलावाकाठी लोकांची कुत्री शिकवतो. परवा एक काका लॅब्रॅडॉरला म्हणत होते, "सिट. सिट. सिट. सिट!" चौथ्याला तो बसला. काका वैतागले. मला तो हुशार वाटला: चार वेळा 'सिट' ऐकल्यावर बसायचं, हे तो अगदी नीट शिकला होता.

बाराव्या वर्षी पुरूला ऐकू येईनासं झालं. मग हाताच्या खुणा शिकवल्या. उघडा पंजा आडवा धरला की बस. तोवर आजीही थकली होती, जेवताना फारसं बोलायची नाही. आई भाताचा डाव घेऊन आली, की ती नुसता हात ताटावर आडवा धरायची. आणि टेबलाशेजारी पुरू, मागचे पाय थरथरत, सावकाश बसायचा.