मल्लखांबावर दोन वायरलेस फ्लॅश: कुठवर आलो

मल्लखांबाच्या सरावाचे फोटो दोन वायरलेस फ्लॅशवर काढायचं काम आता मार्गी लागलंय. सराव सलग चालू असतानाही दोन्ही फ्लॅश उडतात, खांबावरची पकड ठसठशीत येते आणि मागची पत्र्याची भिंत अंधारात जाते. इथवर येईपर्यंत फ्लॅश दगा देण्याची बरीचशी कारणं भेटली. ती कशी ओळखली तेच इथे मांडतोय, कारण सगळा वेळ खातं ते दोष शोधणं; दुरुस्ती बहुतेकदा मिनिटभराची असते. आणि शोधायला सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे बिघडलेला फोटो. तो डिलीट करू नका. पूर्ण काळा, अर्धवट काळा, फिका की दुहेरी, यावरूनच कुठे बघायचं ते ठरतं.

सध्याची मांडणी

कॅमेरा कॅनन २००डी, ५० मिमी लेन्स. हॉट शूवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या फ्लॅश लावायच्या खाचेत, २.४ गिगाहर्ट्झचा ट्रिगर (फ्लॅशला रेडिओने इशारा देणारा) आणि आतच रिसीव्हर असलेले दोन मॅन्युअल फ्लॅश. पहिला डावीकडे पुढे, पांढऱ्या छत्रीतून, खांबापासून साधारण तीन मीटरवर, स्टँड पूर्ण उंच करून. दुसरा उजवीकडे मागे, उघडाच; पाठीची आणि दंडाची कड उजळण्यापुरता. ट्रिगरवरून पॉवर वेगवेगळी ठेवता यावी म्हणून छत्रीचा ए ग्रुप, मागचा बी. आयएसओ ४००, एफ/४, १/२०० सेकंद. पुढच्याची पॉवर १/८, मागच्याची १/३२.

एक गोष्ट सगळ्याच्या आधी: सरांना विचारल्याशिवाय आणि मुलांना सांगितल्याशिवाय एकही फ्लॅश मारत नाही. दसरंग किंवा फिरकी असे खांबावरचे प्रकार चालू असताना पोरगं फक्त पकडीच्या भरवशावर असतं, आणि त्यातून खांबाला एरंडेल लावलेलं. उडी मारून उतरताना डोळ्यांसमोर फ्लॅश येणार नाही अशीच जागा निवडायची आणि उतरताना बटण दाबायचंच नाही. स्पर्धेत तर फ्लॅश काढतच नाही. दोन्ही स्टँडच्या पायांवर वाळूच्या पिशव्या हव्यातच, कारण सराव नसलेली लहान मुलं तिथूनच पळापळी करतात.

सेटअप उभा झाला की दोन्ही फ्लॅश बंद ठेवून त्याच सेटिंगवर एक फोटो काढतो. तो जवळपास काळा यायला हवा. ट्यूबलाइटचा उजेड त्यात उतरला असेल, तर हलत्या हातापायांना पुसट दुसरी कड येते आणि मग आपण विनाकारण फ्लॅशकडे संशयाने बघत बसतो.

काळा पट्टा

हा ओळखायला सोपा, पण मल्लखांबात फसवतो. कॅमेऱ्याच्या शटरला दोन पडदे असतात. पहिला उघडतो, दुसरा झाकत येतो. सिंक स्पीडपर्यंत, म्हणजे फ्लॅशबरोबर चालणाऱ्या सगळ्यात वेगवान शटरपर्यंत, मधे एक क्षण असा मिळतो की पूर्ण सेन्सर उघडा असतो आणि फ्लॅश नेमका तेव्हा उडतो. त्याहून वेगवान शटर ठेवलं की पहिला पडदा पूर्ण उघडण्याआधीच दुसरा निघालेला असतो. सेन्सरवरून फक्त एक फट सरकते आणि झाकलेला भाग काळा राहतो. डीएसएलआर आडवा धरला तर हा पट्टा सहसा फोटोच्या तळाशी येतो. मल्लखांबासाठी मात्र कॅमेरा उभा धरावा लागतो, म्हणून तो डाव्या किंवा उजव्या कडेला दिसतो. त्यात मागची भिंत आधीच अंधारात, त्यामुळे एका बाजूचा उजेड कमी पडलाय असंच वाटतं. खात्री करायची असेल तर फ्लॅश तिथेच ठेवून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. उजेड हळूहळू विरत गेला तर जागेचा प्रश्न, सरळ कापल्यासारखी रेघ दिसली तर शटरचा.

२००डीचा सिंक स्पीड १/२०० आहे. काही रेडिओ ट्रिगर सिग्नल पोचवायला किंचित वेळ घेतात, आणि मग नेमक्या १/२०० वरही बारीक पट्टा येतो. तसं झालं तर १/१६० वर उतरा. फ्लॅशच्या फोटोत या फरकाने काही बिघडत नाही.

फ्लॅश उडतच नाही तेव्हा

आधी ट्रिगरवरचं टेस्ट बटण दाबायचं. टेस्टवर दोन्ही फ्लॅश उडतात पण शटरवर उडत नाहीत, म्हणजे रेडिओ ठीक आहे. अडलंय ते कॅमेरा आणि ट्रिगर यांच्यामध्ये. ट्रिगर शूमध्ये पूर्ण आत सरकलाय का, लॉक फिरवलाय का, हे बघा. पावसाळ्यात शूच्या पितळी टोकांवर पातळ थर धरतो; कोरड्या सुती फडक्याने पुसला तरी पुष्कळदा काम होतं. मग मेनू. कॅमेऱ्यात फ्लॅश फायरिंग बंद असेल तर बाकी काहीही करून उपयोग नाही. बऱ्याच मिररलेस कॅमेऱ्यांत सायलेंट किंवा इलेक्ट्रॉनिक शटर चालू असलं की फ्लॅश उडत नाही. कॅननच्या कित्येक डीएसएलआरमध्ये लाइव्ह व्ह्यूचं सायलेंट शूटिंग बंद केल्याशिवाय दुसऱ्या कंपनीचा फ्लॅश चालत नाही. हे त्यांच्या मॅन्युअलमध्येच दिलेलं असतं.

नवीन कॅमेरा घेणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. कॅननच्या १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क २ या मॉडेलांच्या हॉट शूवर मधली मोठी पिनच नाही. साधे स्वस्त ट्रिगर आणि जुने मॅन्युअल फ्लॅश फक्त त्याच पिनवर चालतात, म्हणून या कॅमेऱ्यांवर ते ढिम्म राहतात. आपल्याकडे सुरुवात करणारे पुष्कळ जण हेच कॅमेरे घेतात आणि ट्रिगर बिघडला म्हणून परत करतात. कॅननसाठी बनवलेला, बाकीच्या पिनांवरून बोलणारा टीटीएल (लेन्समधून आलेला उजेड मोजून पॉवर ठरवायच्या पद्धतीचा) ट्रिगर घ्या, आणि त्याचं फर्मवेअर या मॉडेलांना चालतं का, हे दुकानातच कॅमेऱ्यावर लावून बघा. ट्रिगर घ्यायला जाताना कॅमेरा बरोबर नेणं केव्हाही चांगलं.

मागचा फ्लॅश: कधी उडायचा, कधी नाही

सगळ्यात जास्त वेळ याने घेतला. पुढचा कधीच चुकत नव्हता. मागचा मात्र सकाळी रिकाम्या आखाड्यात तपासला की व्यवस्थित, आणि मुलं जमली की दर काही फोटोंनंतर गप्प. सेल बदलले, फरक नाही. दोन फ्लॅशांची अदलाबदल केली, तर आता मागे गेलेला, म्हणजे आधी न चुकणारा, फ्लॅश चुकायला लागला. ही अदलाबदल मला फार मोलाची वाटते. दोष वस्तूबरोबर फिरतो की जागेलाच चिकटून राहतो, हे एका झटक्यात कळतं. इथे तो जागेचा होता.

२.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर. पत्र्याच्या छताखाली, लोखंडी गर्डरांच्या मध्ये ती सगळीकडून परतते. कुठे परतलेल्या लहरी एकमेकींना जोर देतात, कुठे मारतात, आणि या दोन जागांत अंतर असतं जेमतेम काही बोटांचं. माझा मागचा स्टँड गर्डरला जवळपास टेकून उभा होता. शिवाय माणसाच्या शरीरात पाणीच जास्त, आणि पाणी ही लहर शोषून घेतं. पोरं गादीवर रांगेत बसली की कॅमेरा आणि मागच्या फ्लॅशच्या मध्ये त्यांची भिंतच व्हायची, आणि खांबावरचा मुलगा बोंडापाशी, म्हणजे खांबाच्या वरच्या गोळ्यापाशी, असला तरी त्याच रेषेत.

उपाय टप्प्याटप्प्याने केले, एका वेळी एकच, म्हणजे नेमकं कशाने भागलं ते कळावं. स्टँड गर्डरपासून हातभर बाजूला घेतला: चुकणं बरंच कमी. फ्लॅश उंच करून बसलेल्यांच्या डोक्यांच्या वर आणला: आणखी कमी. मग फ्लॅशचं धड फिरवून डिस्प्लेची बाजू कॅमेऱ्याकडे केली आणि डोकं उलटं वळवून खांबाकडे. यानंतर उरलेलं चुकणं फक्त संध्याकाळी व्हायचं, पालक घ्यायला यायचे तेव्हा.

तेव्हा संशय वायफायवर. वायफाय आणि ब्लूटूथ याच पट्ट्यात चालतात, आणि २.४ च्या वायफायचे नेहमीचे १, ६, ११ हे चॅनल २४१२, २४३७ आणि २४६२ मेगाहर्ट्झवर मध्य धरून बसलेले असतात. शेजारच्या इमारतीतले राउटर आणि पालकांच्या मोबाइलचे हॉटस्पॉट मिळून तिथे बरीच गर्दी होते. माझ्या ट्रिगरमध्ये मोकळे चॅनल शोधायची सोय आहे. ती संध्याकाळीच वापरली, गर्दीच्या वेळी. सकाळी मोकळा दिसणारा चॅनल संध्याकाळीही मोकळा असेलच असं नाही. मिळालेला चॅनल तिन्ही वस्तूंवर लावला, आयडीही एकच ठेवला, आणि तेव्हापासून मागचा फ्लॅश पुढच्याइतकाच भरवशाचा आहे.

टेबलावर वस्तूंचे फोटो काढणाऱ्यांना याच्या उलट त्रास होतो: फ्लॅश अगदी हाताशी आणि तरी उडत नाही. काही ट्रिगरांत अंतराचे दोन पर्याय असतात, ०–३० मीटर आणि १–१०० मीटर. लांबच्या पर्यायावर जवळच्या रिसीव्हरला सिग्नल अतिच तीव्र होतो. ०–३० करून बघा.

सेल

सलग फोटोंत पहिला नीट, दुसरा फिका, तिसरा काळा, असा क्रम दिसला तर रेडिओच्या मागे लागू नका. फ्लॅशमध्ये चमकेसाठी वीज साठवणारा कपॅसिटर भरायला वेळ पुरत नाहीये. साधे अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचे आणि निकेल मेटल हायड्राइडचे १.२ व्होल्टचे, तरी फ्लॅशला दुसरेच चांगले, कारण त्यांचा आतला रोध कमी असतो आणि एकदम मोठा करंट द्यायला ते दमत नाहीत. चारही सेल एका माळेत असतात. त्यातला एक जरी दुबळा असला तरी चौघांचा वेग तोच ठरवतो. म्हणून चार-चारचे संच करून प्रत्येकावर मार्करने अक्षर लिहिलंय, आणि संच एकत्रच वापरायचा, एकत्रच चार्ज करायचा. नुसता मल्टीमीटर लावून सेल पारखू नका. भार नसताना दुबळा सेलही चांगला आकडा दाखवतो.

१/८ का

शेवटी ज्याने सगळं सोपं केलं ते हे. आयएसओ १०० वरून ४०० केला की १/२ पॉवरचं काम १/८ मध्ये होतं. फ्लॅश लवकर भरतो, कमी तापतो, सेल जास्त टिकतात. आणि या छोट्या फ्लॅशची पॉवर कमी करणं म्हणजे त्याची चमकच आखूड करणं. माझ्या फ्लॅशच्या मॅन्युअलप्रमाणे चमक पूर्ण पॉवरला साधारण १/२३० सेकंद टिकते, सगळ्यात कमी पॉवरला १/२०००० सेकंद. पूर्ण पॉवरवर फिरकीतला पाय पुसटच येणार, शटर काहीही असो. १/८ वर केसाची बटही थिजते. अंधाऱ्या हॉलमध्ये हाय स्पीड सिंकच्या मागे लागू नये असं माझं ठाम मत झालंय. त्यात फ्लॅश एकाच झटक्याऐवजी बारीक ठोक्यांनी शटरभर जळत राहतो, उजेड बराच घटतो, आणि हालचाल थिजवायचं काम शटरवरच येतं. उघड्यावर, उन्हात तो लागतो, इथे नाही.

पुढचं काम दोरीच्या मल्लखांबाचं. तिथे मुली खांबापेक्षा कितीतरी वर जाऊन आसन लावतात, म्हणजे छत्री तीन मीटरवर राहूच शकत नाही, आणि अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो. आधी छत्री काढून उघडा फ्लॅश लावून बघणार आहे, मग गरज पडली तर एकाच ग्रुपवर दोन फ्लॅश जोडीने. मागचा फ्लॅश लेन्समध्ये शिरतोय, त्याला काळ्या कार्डाचा आडोसा कापून ठेवलाय. सरांनी रविवारची सकाळ दिली आहे.