रक्त तपासायचं, मग डबा कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी एवढं ऐकायला कोणी थांबत नाही. रिपोर्ट हातात पडला की एसटी गाठायची घाई.

झाडीपट्टीतल्या एका तालुक्याच्या गावी मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. रक्तात इओसिनोफिल फार वाढलेले दिसले आणि माणूस वरून अंगदुखीचं सांगत असला, की मी विचारते: ताकदीची पावडर, झोपेची किंवा वजनाची कॅप्सूल असं काही घेता का? घेत असाल तर डबा घेऊन या. त्यावर ठरलेलं उत्तर येतं, "आमी रगत तपासाले आलो न जी, डब्बा कायले पायजे?" आणि पाठोपाठ, "ते औषध थोडीच होय!"

इओसिनोफिल ही एक पांढरी पेशी. रंग दिलेल्या काचपट्टीवर ती लगेच ओळखू येते: चष्म्याच्या दोन काचांसारखं दुभागलेलं केंद्र आणि भोवती नारिंगी-लाल दाणेच दाणे. एका घनमिलिमीटर रक्तात त्या साधारण ५००पर्यंत असाव्यात. आमच्याकडे हा आकडा वाढण्याची कारणं नेहमीचीच. पोटात जंत, दमा, अंगावर उठणारी पित्तं. शिवाय हत्तीपाय या भागात जुना मुक्कामी. त्यामुळे आकडा हजारावर गेला तरी कोणी दचकत नाही. आणि रोवण्याच्या दिवसांत, दिवसभर चिखलात वाकून, अंग कोणाचं दुखत नाही? दोन्ही गोष्टी इतक्या सवयीच्या, की त्यांच्याआड तिसरी सहज लपेल.

तसं अमेरिकेत जवळपास झालंच होतं. १९८९ साली न्यू मेक्सिको राज्यात तीन बायका अशाच आजारी पडल्या. स्नायूंत असह्य वेदना आणि रक्तात इओसिनोफिल भरमसाट. जंत नाहीत, कॅन्सर नाही. त्यांच्या डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून पाहिलं तेव्हा कळलं, की तिघीही एल-ट्रिप्टोफॅन घेत होत्या. हे अमिनो आम्ल दुधात, डाळीत, शेंगदाण्यात असतंच. तिकडे लोक ते झोपेसाठी, उदासीसाठी दुकानातून स्वतःच आणून घेत. अल्बुकर्कच्या वर्तमानपत्रात टॅमर स्टीबर या बातमीदार बाईंनी हे छापलं, पुढच्या वर्षी त्यांना पुलित्झर मिळालं. बातमी आल्यावर देशभरातून रोगी पुढे येऊ लागले. एकूण १,५००हून अधिक नोंदले गेले, ३५हून जास्त दगावले. कित्येकांची कातडी जाड, ताठ झाली, नसा कामातून गेल्या, दुखणं वर्षानुवर्षं राहिलं. आजाराचं नाव पडलं इओसिनोफिलिया-मायल्जिया सिंड्रोम.

दोष ट्रिप्टोफॅनचा म्हणावा, तर कित्येकांनी ते खाऊनही त्यांना काही झालं नव्हतं. शोध घेता घेता सगळे धागे शोवा डेन्को या एका जपानी कंपनीच्या मालापाशी पोचले. जिवाणूंकडून आंबवून ते बनवत. तिथे जिवाणूंची जात बदलली होती आणि माल शुद्ध करताना वापरायचा कोळसा कमी केला होता. गंमत म्हणा की दैव, तो माल ९८.५ टक्क्यांहून शुद्ध होता, म्हणजे नियमाप्रमाणे पास. उरलेल्या कणभर भेसळीतला नेमका कोणता पदार्थ बाधला, यावर एकमत आजही नाही. म्हणून कोणी "शुद्ध आहे जी" म्हणत डब्यावरचा टक्का दाखवला, की मी तो वाचते आणि तरीही बॅच नंबर शोधते.

स्पेनमध्ये १९८१ला याचाच भाऊबंद शोभावा असा रोग आला होता. कारखान्यासाठी अॅनिलिन मिसळलेलं मोहरीच्या जातीचं तेल खाण्याचं म्हणून, बिनलेबलच्या प्लास्टिक कॅनमधून, दारोदार विकलं गेलं. २०,०००च्या आसपास लोक आजारी पडले, ३००हून जास्त गेले. तिथेही रक्तात हेच इओसिनोफिल. आठवडी बाजारातल्या सुट्या तेलाचा कॅन बघितला की मला हे आठवतं, आणि घरचे म्हणतात, चल लवकर.

खरं सांगायचं तर इओसिनोफिलिया-मायल्जियाचा एकही रोगी मी आजवर पाहिलेला नाही. दहा माणसांना डबा मागितला तर बहुधा दहाही जणांत जंतच निघतील, किंवा हत्तीपायाची तपासणी करावी लागेल. त्यासाठी रक्त रात्रीच द्यावं लागतं, कारण हत्तीपायाच्या जंतांची पिल्लं दिवसा रक्तात सहसा सापडत नाहीत. तेव्हाही लोक विचारतात, रात्री काहून?

डब्यावर चौदा आकडी एफएसएसएआय नंबर असला तर बरंच. पण तो परवान्याचा, आतल्या पावडरीची कोणी हमी घेतलेली नसते. मला हवा असतो बॅच नंबर आणि कधीपासून घेता ती तारीख. दोन्ही मी रिपोर्टच्या मागे लिहून देते, डॉक्टरांना दाखवा. पावडर सुटी घेतली असेल तर उरलेली फेकू नका, पुडी बांधून ठेवा. डबा लगेच परत मिळतो.