सहा मिलिमीटरांत मिटलेली चूक

काही वर्षांपूर्वी उपसा सिंचनाच्या एका कामासाठी नदीकाठच्या जॅकवेलपासून (पाणी उपसण्याच्या विहिरीपासून) टेकडीवरच्या हौदापर्यंत लेव्हल न्यायची, म्हणजे टप्प्याटप्प्याने उंची मोजत जायची होती. अंतर २.६ किलोमीटर आणि चढ सुमारे १३० मीटर. ऑटो लेव्हल (तिपाईवरची, आडव्या रेषेत पाहणारी दुर्बीण) आणि चार मीटरची स्टाफ (खुणा केलेली उभी पट्टी) घेऊन आम्ही वर गेलो, त्याच वाटेने परत आलो आणि ५.२ किलोमीटरांचा हा फेरा सुरुवातीच्या बेंचमार्कवर, म्हणजे ठाऊक उंचीच्या पक्क्या खुणेवर, अवघ्या ६ मिलिमीटरांच्या तफावतीने मिटला. किलोमीटरांतील अंतराच्या वर्गमूळाला १२ ने गुणून येणारी तफावतीची मर्यादा येथे २७ मिलिमीटर होती, त्यामुळे लेव्हल बुकावर (मोजणीच्या नोंदवहीवर) मी सही केली ती काहीशा ऐटीतच.

दुसऱ्या दिवशी हौदाजवळ एक जुना दगडी बेंचमार्क सापडला आणि त्याच्या नोंदलेल्या उंचीपेक्षा आमची उंची ४३ मिलिमीटरांनी जास्त निघाली. पहिला संशय अर्थातच त्या दगडावर घेतला. मग सपाट जागेवर ६० मीटर अंतराने दोन खुंट्या ठोकून, आधी बरोबर मध्यावर आणि नंतर एका खुंटीला खेटून लेव्हल लावली, तेव्हा खुंट्यांच्या उंचीतल्या दोन वेळा मोजलेल्या फरकांत ४ मिलिमीटरांची तफावत दिसली. बबल मध्यभागी असूनही दुर्बिणीची दृष्टिरेषा किंचित वर चढत होती.

आता प्रश्न असा की फेरा मिटला कसा? दुर्बीण जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असते. चढावर मागची स्टाफ खाली असते आणि तिच्यावर अडीच मीटरपर्यंत उतार वाचता येतो; पुढची स्टाफ वर असल्याने दीड मीटर चढ होण्याआधीच रेषा जमिनीला टेकते. त्यामुळे आमची बॅकसाइट (मागच्या स्टाफपर्यंतचे अंतर) सरासरी ४० मीटरांची, तर फोरसाइट (पुढच्या स्टाफपर्यंतचे) २५ मीटरांची होती. १५ मीटरांच्या या फरकामुळे प्रत्येक मांडणीत, म्हणजे दुर्बीण लावण्याच्या प्रत्येक जागी, १ मिलिमीटर, आणि ४० मांडण्यांत ४० मिलिमीटर खोटी उंची जमा झाली. उतरताना अंतरे उलटी झाली आणि तेवढीच खोटी उंची वजा झाली. म्हणजे फेरा मिटला तो चूक नव्हती म्हणून नव्हे, तर दोन्ही वेळा ती सारखीच होती म्हणून. स्टाफच्या खुणांतील दोषही असाच लपतो: मीटरमागे ०.१ मिलिमीटरचा दोष १३० मीटरांच्या चढावर १३ मिलिमीटर होतो आणि परतताना निमूटपणे नाहीसा होतो.

दोन्ही बाजूंची अंतरे पावलांनी मोजून समान ठेवत आम्ही पुन्हा वर गेलो. या वेळी ४० ऐवजी ५२ मांडण्या लागल्या, स्टाफमन वैतागला, पण जुन्या दगडाशी फरक ४ मिलिमीटरांवर आला. (पंपाला त्या ४३ मिलिमीटरांनी काहीही फरक पडला नसता, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.) अंतरे समान असली की दृष्टिरेषेचा दोष आणि पृथ्वीची वक्रता वजाबाकीतच निघून जातात, दुपारच्या उन्हात जमिनीलगत वाकणारा प्रकाश मात्र तेवढ्याने आवरत नाही, म्हणून रेषा जमिनीपासून निदान अर्धा मीटर वर ठेवलेली बरी.

एवढ्या मांडण्या टाळण्यासाठी टोटल स्टेशन (कोन आणि अंतर दोन्ही मोजणारे यंत्र) वापरावे, हे म्हणणे रास्त आहे. मात्र कोन ५ सेकंदांपर्यंत (सेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) अचूक मोजणाऱ्या यंत्राची कोनातील चूक ५०० मीटरांवर १२ मिलिमीटरांची उंची होते, आणि तेवढ्याच अंतरावर वक्रता व प्रकाशाचे वाकणे मिळून १७ मिलिमीटरांची दुरुस्ती लागते. दोन्ही टोकांवरून एकाच सुमारास कोन घेतले तर तिचा बराचसा भाग कटतो, पण त्यासाठी दोन यंत्रे हवीत किंवा घाई हवी.

डीजीपीएसची, म्हणजे उपग्रहांवरून जागा मोजणाऱ्या अचूक यंत्राची, गोष्ट आणखी वेगळी. ते उंची मोजते ती पृथ्वीच्या आकारासाठी मानलेल्या गणिती लंबगोलापासून, समुद्रसपाटीपासून नव्हे. म्हणूनच मुंबईच्या किनाऱ्यावर उभे राहिल्यावर ते कच्ची उंची उणे साठ मीटरांच्याही खाली दाखवते. जिओइडचे (सर्वत्र पसरलेल्या काल्पनिक समुद्रसपाटीचे) प्रारूप वापरून हा फरक काढता येतो. पण शेकडो मीटरांवरच्या कालव्याच्या दोन बिंदूंमध्ये, जिथे १ : ५००० उताराने किलोमीटरला जेमतेम २० सेंटिमीटर उतार मिळतो, तिथे मी अजूनही तिपाईच खांद्यावर घेतो.