आमची वाटचाल : साल, अर्क आणि लेबल

आम्ही वनस्पतींचे अर्क काढतो, औषधं बनवत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण फोनवरचा आमचा निम्मा वेळ हा फरक समजावण्यातच जातो.

सुरुवात झाली ती एका स्टीलच्या पातेल्यावर, आणि मालही एकच, अर्जुनाची साल. हृदयासाठी अर्जुन यात नवं काही नाही. अकराव्या शतकातल्या 'चक्रदत्त' ग्रंथात त्याचा वापर आहे. क्षीरपाक म्हणजे दूध-पाण्यात साल उकळायची, पाणी आटून दूध उरेपर्यंत. तोही अर्कच की, फक्त ड्रायर नव्हता!

ड्रायरने आम्हाला रडवलं. पहिल्याच पावसाळ्यात छान तपकिरी पावडर ड्रममध्ये भरून ठेवली. आठवड्याने झाकण काढलं तर आत वीट. अर्क हवेतलं पाणी ओढतो, म्हणून त्यात माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून बनवलेली पांढरी पावडर, घालतात. पण ते घातलं की १०० ग्रॅममधला अर्क तेवढा कमी होतो. आम्ही हे प्रमाण लेबलावर छापायला लागलो आणि दोन जुनी गिऱ्हाइकं तुटली.

दुसरा फटका सालीचा. अर्जुनाची साल बाहेरून गुळगुळीत, राखाडी आणि आतून तांबूस. त्याच्याच कुळातल्या ऐन या झाडाची काळपट, मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. अख्खी साल असेल तर डोळे मिटून हाताने ओळखता येते. आमच्याकडे भरड, म्हणजे जाडसर कुटलेली साल, आली होती. टॅनिनचा, म्हणजे सालीतल्या तुरट द्रव्याचा, आकडा झकास आला, कारण ऐनातही टॅनिन भरपूर. एचपीटीएलसी या चाचणीत अर्कातले घटक प्लेटवर वेगवेगळ्या पट्ट्यांत दिसतात. ते पट्टे अर्जुनाशी जुळेनात, तेव्हा कुठे ट्यूब पेटली. भरड घेणं त्या दिवशी बंद केलं. '१०:१' या आकड्यावरचा विश्वासही तेव्हाच उडाला. दहा किलो सालीचा एक किलो अर्क, एवढंच तो सांगतो. साल कशाची आणि तिच्यात काय होतं, ते नाही.

मग एका प्रयोगशाळेची ऑर्डर आली. जास्त चरबी आणि फ्रुक्टोज खाऊ घातलेल्या रॅटवर अर्क तपासायचा होता. अशा खाण्याने नुसतं कोलेस्टेरॉल वाढत नाही. हृदयाच्या स्नायूत कोलेजन साठून तो ताठर होऊ लागतो. अर्क दिलेल्या गटाचे आकडे बरे आले. आम्ही खूश. एक गिऱ्हाईक तर आमच्याहून खूश. त्याला २५० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलवर 'हृदयाचं संरक्षण' छापायचं होतं.

कागद-पेन घेऊन बसलो. रॅटला किलोमागे २०० मिलिग्रॅम दिले होते. माणसासाठी त्याला साधारण ६ ने भागतात. ६० किलोच्या माणसाला दिवसाला जवळजवळ २ ग्रॅम, म्हणजे त्याच्या आठ कॅप्सूल. शिवाय रॅटला अर्क मिळाला तो वाईट खाणं सुरू झालं त्याच दिवसापासून. माणूस येतो वीस वर्षं खाऊन झाल्यावर. आणि हा हिशेबही माणसावरच्या चाचणीचा डोस ठरवायला असतो, बाटलीवर छापायला नाही.

गिऱ्हाईक म्हणालं, "एवढा विचार कोण करतं?" माल दुसरीकडून घेतला त्याने.

लसणाचा अर्क आम्ही नंतर सुरू केला. पाकळी ठेचल्यावर ॲलिसिन हे उग्र वासाचं द्रव्य तयार होतं. ठेचण्याआधीच उष्णता दिली तर ते घडवणारं एन्झाइम मरतं आणि ॲलिसिन जवळजवळ तयारच होत नाही. त्या डब्यावर आमची सर्वात मोठ्या अक्षरांतली ओळ आहे : 'रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.' डिझायनरने ती दोनदा बारीक करून पाठवली होती. तिसऱ्यांदा मी त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो.